तोरणाखालचा रणगाडा

नागपूरच्या महाल भागात धोंडबा सुताराचं दुकान शोधायला पत्ता लागत नसे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि कान द्यायचा; रंध्याच्या आवाजावर आवाज चढवून जो बोलत असेल तो धोंडबा. गिऱ्हाईक असलं तर गिऱ्हाइकाशी, नसलं तर लाकडाशी. "बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत," हे त्याचं लाडकं वाक्य. त्यावर त्याची बायको कौसल्या आतून विचारी, "मंग आपल्या घरात एवढी माती शिल्लक काहून आहे?"

धंदा लाकडी बैलांचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. पोरंसोरं नटूनथटून, चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढत निघतात. कुणाचा बैल वीतभर, कुणाचा माणसाच्या छातीला लागेल एवढा. धोंडबाच्या हातचा बैल एकदा घरात आला की तीन पिढ्या जात नसे, कारण दरवर्षी त्याची पूजा होई आणि पूजेच्या वस्तूला कोण मोडीत काढणार?

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी गल्लीत ॲम्बेसेडर शिरली आणि निम्म्यातच अडकली. तिच्यातून गॉगल लावलेले एक गृहस्थ कसेबसे बाहेर पडले. हे मनोहरराव, मुंबईच्या सिनेमावाल्यांचे कलादिग्दर्शक. कुहीजवळ त्यांच्या कंपनीचा लढाईचा सिनेमा सुरू झाला होता. सिनेमातली लढाई पूर्वेकडच्या भातशेतीतली. पण ती शेती लांब, कुहीची जवळ, आणि पडद्यावर धान ते धान. खऱ्या फौजेचे रणगाडे त्यांना दोनच दिवस मिळणार होते, तेही भलत्याच मुलखात. इथे गावावर चालून येणारा शत्रूचा एक रणगाडा हवा होता. मुंबईहून जीपवर प्लायवूड ठोकून आणलेला रणगाडा पहिल्याच दिवशी धानाच्या बांधीत, म्हणजे चिखलात, आसापर्यंत रुतला आणि त्याला ओढून काढायला गावच्या चार बैलजोड्या लागल्या. त्याच संध्याकाळी नागपुरात, सदर भागातल्या हॉटेलात मनोहररावांनी दाराशी मांडलेला पाच फुटी लाकडी बैल पाहिला आणि विचारलं, "हा कोणी केला?"

"रणगाडा जमेल का?" त्यांनी फोटो पुढे केला.

"साहेब," धोंडबा म्हणाला, "शिंगं, वशिंड, गळ्याची पोळी, असं सारं जनावर मी सागात उभं करतो. तुमच्या याले ना पाय ना शेपूट. फक्त एक सांगा, हा चालन कसा?"

"तोच तर प्रश्न आहे."

"जीपले ओढाले बैल लागले म्हणता ना? मंग जीप काहून पाहिजे? बैलच घालू ना आतमंदी!"

मनोहररावांनी गॉगल काढला. बाहेरच्या बैलांनी ओढायच्या रणगाड्याऐवजी पोटात बैल असलेला रणगाडा! इंजिनाचा आवाज नाहीतरी पुढे मुंबईतच भरायचा होता. व्यवहार तिथल्या तिथे ठरला.

पण धोंडबाने हे काम घेतलं ते नुसत्या हौसेपायी नाही. खरं कारण मागच्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. ते त्याचं एकुलतं एक पोर, रविंद्र.

रविंद्र फौजेत होता, आणि तोही रणगाड्यावर. एकाहत्तरच्या लढाईतून तो धडधाकट परत आला, अंगावर ओरखडासुद्धा नाही. कौसल्येने नारळ फोडले, गल्लीने पेढे खाल्ले. पण लढाईआधीचा रवी म्हणजे बोलण्यात बापाचा बाप होता; तान्ह्या पोळ्यात झडत्या, म्हणजे तोरणाखालची सवाल-जवाबाची गाणी, म्हणायला लागला की मोठी माणसं गप्प बसत. तो रवी मात्र परत आलाच नाही. आला तो "हव" आणि "नाई" एवढ्या दोन शब्दांवर दिवस काढणारा कुणी पाहुणा. आता दोन महिन्यांची ही दुसरी रजा होती. जेवतोस? हव. बाहेर जातोस? नाई. एकदा तो "मीठ कमी आहे" म्हणाला तर कौसल्या शेजारी अंजनाबाईंना सांगायला धावली.

धोंडबाला बोलण्याशिवाय दुसरं औषध माहीत नव्हतं. त्याने पोराला बोलून बोलून बरं करायचा प्रयत्न केला, आणि जितका तो बोले तितका पोरगा भिंतीकडे सरके. म्हणून रणगाड्याचा फोटो हातात आला तेव्हा त्याच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. आपण रणगाडा करायचा आणि मुद्दाम चुकवायचा. पोरगा पाहील, राहवणार नाही, म्हणेल, बाबा हे असं नसते, ते तसं नसते. निदान भांडेल तरी!

कामाला तो वाघासारखा लागला. छकड्याचा सांगाडा, त्याभोवती बांबू, बांबूवर प्लायवूड आणि ताडपत्री. ताडपत्रीसाठी जरीपटक्याच्या बाजारात जाऊन त्याने सिंधी व्यापाऱ्याशी तासभर घासाघीस केली आणि उगाचच "फौजेचं काम आहे" असं सांगून चहाही पिऊन आला. पट्ट्यांच्या जागी जुने टायर कापून ठोकले. तोफ म्हणजे पन्हाळीचा पत्र्याचा नळ. पुढे बैलांना दिसावं म्हणून जाळीची आडवी फट ठेवली. हाकणाऱ्याने बसायचं बैलांच्या पाठीमागे, डोक्यावर पक्कं छप्पर. त्याला बैलांच्या पाठी आणि शेपट्यांखेरीज जगातलं काही दिसणार नाही.

चुकवायचा म्हणून तोफ हातभर आखूड ठेवली. पण हात जन्माचा सुताराचा. दोन दिवस झोप लागेना, तिसऱ्या दिवशी उठून तोफ बरोबर करून टाकली. खोटं काम करणंही सगळ्यांना जमत नाही.

रंग वाळत होता तेव्हा रविंद्र दारात येऊन उभा राहिला. धोंडबाचा हात ब्रशसकट थांबला.

"कसा झाला रे? असाच असते ना?"

रविंद्रने रणगाड्याभोवती एक चक्कर मारली. टायरच्या पट्ट्यावर हात ठेवला, वरच्या गोल झाकणाकडे पाहिलं.

"हा जाळणार आहेत का?"

चार शब्द! धोंडबाला वाटलं गुलाल उधळावा. "हव ना! शेवटच्या दिवशी मोठा भडका! पेट्रोल टाकून, बाँब लावून, पार आभाळापर्यंत ज्वाळा जाईन म्हणत होते साहेब. मी त्याइले म्हटलं, साग नोका वापरू, आंब्याच्या फळ्या चांगल्या भडकतेत..."

मागे वळून पाहिलं तर दारात कोणी नव्हतं. संध्याकाळी रविंद्र जेवलाही नाही. आपलं काय चुकलं हे धोंडबाला कळेना, आणि कौसल्येला विचारलं तर ती म्हणाली, "तुमचं तोंड चुकलं. दुसरं काय चुकते तुमचं?"

बैल मिळवायची अडचण नव्हती. धोंडबाची थोरली बहीण बायजाबाई कुहीजवळच्या त्याच गावात दिलेली. तिची भुऱ्या आणि तांब्या ही जोडी सगळ्या पंचक्रोशीत शहाणी म्हणून नावाजलेली. रविंद्रचे लहानपणचे सगळे पोळे आत्याच्या घरी या जोडीआधीच्या जोडीसोबत गेलेले. बायजाबाईने भावाला एकच अट घातली. "धोंडू, माह्या बैलायले शत्रूकडून लढाले लावून राहिला तू. ठीक आहे. पण त्याइले मारलेलं दाखवाचं नाही."

"बाई, बैल दिसणारच नाही ना पडद्यावर."

"मंग हरकत नाही."

शूटिंग पाहायला अख्खा तालुका लोटला होता, आणि जो तो लढाईची आतली भानगड पाहून तोंडात बोट घालत होता. दोन्ही फौजा मिळून माणसं होती चाळीस, सगळी आसपासच्या गावांतली. सकाळी ती आपली फौज असत. दुपारी टोप्या बदलल्या की शत्रू. एकदा टोप्यांची पेटी वेळेवर आली नाही आणि आपल्याच फौजेने आपल्यावर तासभर हल्ला चढवला. बंदुका लाकडाच्या, खऱ्या दोनच, त्या नायकाच्या आणि खलनायकाच्या. हातबाँब म्हणजे हिरवा रंग दिलेली संत्री. त्यातला निम्मा दारूगोळा रंगवण्याआधीच सैन्याने सोलून खाल्ला. रक्त होतं साखरेच्या पाकाचं. कुहीचे पोस्टमन चंपतराव मिशांमुळे हवालदार म्हणून निवडले गेले होते. ते रजा टाकून रोज वीरमरण पत्करत आणि रोज मेल्यावर पाच मिनिटांत मुंग्या लागून टुणकन उठून बसत. शेवटी त्यांना पालथं मरायला सांगितलं.

धोंडबा हे सगळं रोज घरी येऊन हातवारे करत सांगे. कौसल्या पदर तोंडाला लावून हसे. खाटेवरची पाठ हलत नसे.

रणगाड्याच्या शॉटचा दिवस उजाडला तेव्हा कौसल्येने युक्ती केली. डबा भरून रविंद्रच्या हातात दिला. "तुह्या बापानं आज डबा नेला नाही. माह्यानं ट्रकमंदी चढवत नाही. तू नेऊन दे." डबा तिनेच फळीवर लपवला होता हे सांगायला नको.

तसा रविंद्र कंपनीच्या ट्रकातून कुहीला आला. डबा बापाला दिला आणि लांब मोहाच्या झाडाखाली जाऊन बसला. धोंडबाने एकदा तिकडे पाहिलं आणि आज आपला रणगाडा झोकात चालला पाहिजे असं मनाशी म्हणून आत शिरला. आज पोरगा बघतो आहे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सिनेमा गेला खड्ड्यात.

शॉट साधा होता. आपली फौज जिंकली म्हणून गाव स्वागताला सजलंय, माणसं दुतर्फा उभी आहेत, ढोल वाजतोय, आणि अचानक शत्रूचा रणगाडा वेशीतून आत घुसतो. लोकांची पळापळ. गवताच्या गंजीमागून नायक धावतो आणि दोन संत्री फेकतो. रंगीत तालीम आदल्या दिवशी तीनदा झाली होती, तेव्हा भुऱ्या-तांब्या सरळ रेषेत चालले होते. दिग्दर्शक बत्रासाहेब दिल्लीकडचे, आवाज ढोलापेक्षा मोठा. त्यांनी बैलांना "एकदम आर्टिस्ट!" असं सर्टिफिकेटही दिलं होतं.

"ॲक्शन!"

धोंडबाने आत कासरा हलवला. रणगाडा डुलत निघाला. ढोल वाजू लागला. वेस आली, आणि रणगाडा थांबला.

नुसता थांबला नाही, अगदी शिस्तीत उभा राहिला. धोंडबाने "हाट्, हाट्" केलं. शेपट्या पिरगाळल्या. समोर भुऱ्या आणि तांब्या माना खाली घालून, पाय जुळवून, देवळात उभं राहावं तसे उभे.

"कट! क्या हुआ? पेट्रोल खतम हो गया क्या?" बत्रासाहेब ओरडले आणि सगळे हसले.

रणगाडा मागे घेतला. पुन्हा "ॲक्शन". पुन्हा वेशीत येऊन ठप्प. गावकरी पळापळ करून दमले आणि रणगाडा मात्र पाहुण्यासारखा उभा. तिसऱ्यांदा तेच. आता कोणी हसलं नाही. ऊन सरकत चाललं होतं, कॅमेरेवाला घड्याळ बघत होता, आणि नायक उन्हात गवत टोचून घेऊन वैतागला होता. बत्रासाहेब मनोहररावांवर ओरडत होते, मनोहरराव ताडपत्रीवर थापा मारत होते.

"धोंडबा! काय करताय आत?"

"साहेब, पोळ्याच्या दिवसापासून असे वागले नाही हे बैल!" आतून आवाज आला.

आतला अंधार, बैलांचा वास, ताडपत्रीची धग. धोंडबाला घाम फुटला होता. घामाचं काही नाही, पण बाहेर मोहाच्या झाडाखाली पोरगा बसला होता. त्याच्यासाठी केलेला रणगाडा सगळ्या जगासमोर बापाची फजिती करत होता. जन्मात पहिल्यांदाच त्याला बोलायला काही सुचेना.

आणि मग बाहेर कोणीतरी हसलं.

आधी खुसखुस, मग खदखदून, मग पोट धरून. सबंध मैदान चिडलेलं असताना एकच माणूस हसत होता. हे हसू धोंडबाने दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. पण बापाला पोराचं हसू ओळखायला दोन वर्षं काय आणि वीस काय.

"अरे, याइले हाकून काय राहिले?" रविंद्रचा आवाज जवळ येत होता. "वर पाहा ना! तोरण कोणं बांधलं हे?"

सगळ्यांनी वर पाहिलं. वेशीवर आंब्याच्या पानांचं हे भलंमोठं तोरण! स्वागताची सजावट म्हणून मुंबईच्या पोरांनी सकाळीच बांधलेलं. तालमीला ते नव्हतं. छपराखालच्या धोंडबाला ते दिसणं शक्य नव्हतं, आणि गावकऱ्यांना दिसत होतं पण त्यांना वाटलं, सिनेमात काय, असेल काहीतरी. भुऱ्या-तांब्यांनी मात्र जाळीतून नीट पाहिलं होतं. दुतर्फा माणसं, ढोल, वर आंब्याचं तोरण: म्हणजे पोळा. पोळ्याला तोरणाखाली येऊन गप्प उभं राहायचं, झडत्या होऊ द्यायच्या, आणि तोरण तुटेस्तोवर पाऊल उचलायचं नाही. जन्मभर हेच शिकलेले शहाणे बैल. चुकत होते ते बाकीचे.

"किसी को पता है तो चलाओ ना भई!" बत्रासाहेब कळवळून म्हणाले.

धोंडबाला डोक्यावर पाय वाजल्याचं ऐकू आलं. पट्ट्यावर एक, कडेवर दुसरा, तिसरा थेट माथ्यावर. खऱ्या रणगाड्यावर हजारदा चढलेली ती पावलं होती. मग पानं फाटल्याचा आवाज आला आणि त्यावर सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी आरोळी:

"पोळा फुटला रेऽऽऽ!"

पोळा फुटला की बैलाने काय करायचं असतं? घराकडे सुटायचं! भुऱ्या आणि तांब्या असे उधळले की धोंडबा मागच्या मागे आपटला आणि कासरा हातातून गेला. रणगाडा वेशीतून गोळीसारखा आत घुसला. गावकऱ्यांची यावेळची पळापळ अगदी खरी होती. नायक दोन्ही संत्री टाकून गंजीवर चढला. चहाच्या टपरीचा बांबू तोफेत अडकला आणि टपरी रणगाड्यासोबत निघाली. पालथे पडलेले चंपतराव उताणे होऊन, उठून, सगळ्यांच्या पुढे पळाले. आपली फौज आणि शत्रूची फौज एकाच नाल्यात उडी मारून बसली. फक्त कॅमेरेवाला हलला नाही, तो म्हणे, "चालू आहे, चालू आहे!"

रणगाड्याच्या माथ्यावर झाकण धरून बसलेला रविंद्र हसत होता, ओरडत होता, "आत्या! बैल आले वं!"

बायजाबाईला सिनेमाचं वेड नव्हतं. ती अंगणात लाखोरीची डाळ निवडत बसली होती. हाक ऐकली, ढोल ऐकला, बैलांचे श्वास ऐकले, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने ती उठून तांब्याभर पाणी आणि कुंकवाची वाटी घेऊन दारात आली. दारात शत्रूचा रणगाडा उभा होता. त्याने धापा टाकल्या आणि हंबरला.

"पाय कुठी आहेत रे याइचे?" तिने विचारलं.

पाय सापडेनात तेव्हा तिने टायरच्या पट्ट्यांवर पाणी ओतलं, तोफेला कुंकू लावलं, रणगाड्याला ओवाळलं आणि जाळीच्या फटीतून दोन भाकरी आत सारल्या. मागच्या बाजूने धोंडबा रांगत बाहेर आला. टोपी गेलेली, कपाळाला टेंगूळ. त्याने टेंगळाकडे लक्षही दिलं नाही. वर पोरगा हसता हसता डोळे पुसत होता, आणि बाप खाली उभा राहून त्याच्याकडे नुसता बघत होता. पुन्हा थांबेल की काय या भीतीने त्याने श्वासही मोठा घेतला नाही.

मागून बत्रासाहेब धावत आले. सगळ्यांना वाटलं, आता हे तोफेच्या तोंडी देणार. त्यांनी धोंडबाला मिठीच मारली. "क्या भागा है टँक! ऐसा शॉट आज तक किसी ने नहीं लिया! यही रखेंगे!" मग घाम पुसत मनोहररावांकडे वळले. "और कल सुबह इसी को उडाते हैं. पेट्रोल मंगवाके रखो."

धोंडबाने वर पाहिलं. रविंद्रचं हसू एकदम मालवलं होतं. त्याचा हात झाकणाच्या कडेवर घट्ट झाला आणि नजर झाकणाखालच्या काळोखात गेली. दुकानातला तो प्रश्न धोंडबाला आठवला: हा जाळणार आहेत का? आणि आपण मूर्खासारखे आंब्याच्या फळ्या कशा भडकतात ते सांगत बसलो! धोंडबाला स्वतःच्या जिभेची लाज वाटली. पोराने काय पाहिलं असेल ते त्याला अजूनही ठाऊक नव्हतं, पण कुठे पाहिलं असेल ते आता उमगलं.

"हा जळणार नाही," तो म्हणाला.

"अरे, तय हुआ है ना?"

"तय होतं साहेब. आता नाही."

"कैसे नहीं?" बत्रासाहेबांचा आवाज चढला. एरवी धोंडबाने यावर दहा मिनिटं भाषण दिलं असतं. आज तोंड उघडेना. मदतीला आली बायजाबाई. हातातलं ताट तिने खाली ठेवलं नव्हतं.

"मी ओवाळलं याले. भाकर खाल्ली यानं माह्या दारची. ओवाळलेल्या बैलाले कोणी जाळते का? तुमच्या दिल्लीत जाळत असतीन."

दिल्लीतही जाळत नसावेत, कारण बत्रासाहेबांचा चढलेला आवाज खाली आला. "लेकिन मांजी, पिक्चर में टँक तो जलना चाहिए," ते हळूच म्हणाले.

"जाळाले आमच्याकडं दुसरी वस्तू आहे," धोंडबाला आता वाट दिसली. "मारबत पाह्यली का साहेब? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बांबूकागदाची मारबत मिरवतो आन् गावाची सारी पीडा तिच्यासंगं जाळून टाकतो. ते करणारे माह्या वळखीचे आहेत. तीन फुटाचा रणगाडा करून देतीन. कॅमेरा जवळ न्या, खाली ठेवा. कोणाले समजते?"

"मुंबईत आम्ही जहाजं घंगाळात बुडवतो," मनोहररावांनी दुजोरा दिला. "लोक रडतात."

असं ते मिटलं. पुढे सिनेमा आला तेव्हा कागदाचा तो रणगाडा सदरच्या थेटरात असा काही भडकला की बायकांनी डोळे झाकले. आणि त्याआधीच्या उधळलेल्या रणगाड्याला शिट्ट्या पडल्या. खरा, म्हणजे धोंडबाचा, रणगाडा बायजाबाईच्या अंगणातच राहिला आणि तिच्या कोंबड्या त्यात पुष्कळ वर्षं सुखाने अंडी घालत होत्या. पण हे नंतरचं.

त्या दिवशी ऊन उतरताना बापलेक ट्रकात पाठीमागे बसले. कुही फाटा मागे पडला. धोंडबाच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या आणि शंभरही त्याने गिळल्या. असं काम त्याने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. सागाची गाठ तासणं त्याहून सोपं.

"बाबा," रविंद्र म्हणाला, "तुमच्या रणगाड्यात जागा लय आहे. खऱ्यात गुडघे दातायले लागतेत."

धोंडबा त्याच्याजवळ सरकला.

"आमचा ड्रायव्हर होता, बलबीर. सहा फूट उंच. तो आत शिरला की आमी म्हणाचो, आता झाकण लागत नाही. चहा कराचा तो इंजिनावर. चालू लढाईत चहा! साखर इतकी टाके की चमचा उभा राहे..."

उमरेड रोड लागला. दोन्हीकडे संत्र्यांचे बगिचे मागे जात होते. रविंद्र बोलत होता. बलबीरच्या म्हशीचं सांगितलं, त्याच्या बेसूर गाण्याचं सांगितलं. मध्येच थांबला आणि खाली बघत, हळू, त्या सकाळचंही सांगितलं: रणगाडा कसा पेटला, आपण वरच्या झाकणातून कसे बाहेर पडलो, आणि सहा फुटी बलबीरला त्याच्या झाकणातून कसं निघता आलं नाही. धोंडबाचे डोळे वाहत होते. तोंडातून शब्द न काढता त्याने पोराचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तसाच धरून ठेवला. थोड्या वेळाने रविंद्रने नाक पुसलं आणि म्हशीची राहिलेली गोष्ट पुरी केली.

दिवेलागणीला ट्रक महालात शिरला. गल्लीत ते दोघं चालू लागले तेव्हा रविंद्र हातवारे करत, मोठ्याने, बैल कसे उधळले आणि चंपतराव कसे पळाले ते पुन्हा पहिल्यापासून सांगत होता. आवाज पार दुसऱ्या टोकापर्यंत जात होता. कौसल्या हात पुसत दारात आली.

"आले बडबडे," ती म्हणाली. "अहो, हळू बोला जरा, गल्ली जमा होईन..."

आणि तिने पाहिलं. नवऱ्याचं तोंड बंद होतं. तिने पोराकडे पाहिलं, पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

धोंडबाने ओठांवर बोट ठेवलं.